कुत्र्याची पाठराखीण

आमच्या कंपनीच्या बसचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. बस कुठवर आली, आज कोण येणार नाही, कोणाचा डबा सीटवर राहिला, एवढ्यापुरताच. त्यावर एका रविवारी दुपारी मी मोठ्या विचाराने मजकूर टाकला: 'स्वभाव शांत. खाण्याचे नखरे नाहीत. घरात सगळ्यांचा लाडका. पण लिफ्ट सोसत नाही आणि आम्ही आता अकराव्या मजल्यावर राहायला आलो आहोत. तळमजल्याचं, अंगण असलेलं प्रेमळ घर कोणाला माहीत असल्यास कळवा.' सोबत फोटो. फोटोत आमचा कुत्रा माझ्या सासऱ्यांच्या पायाशी बसला होता आणि दोघेही छान आले होते. ग्रुपवर फोटो वरून खालून कापला जाऊन दिसतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. शिवाय 'कुत्रा' हा एकच शब्द लिहायचा राहिला. त्यामुळे लोकांना दिसले ते खुर्चीत बसलेले, टोपी घातलेले, किंचित हसणारे माझे सासरे.

आधी पेंट शॉपच्या एकाने नुसते जोडलेले हात पाठवले. दुसऱ्याने आळंदीच्या बाजूला एक चांगला आश्रम आहे, जेवण वेळेवर असतं, असं कळवलं. शेवटी आमच्या लाइनवरच्या एकाचा फोनच आला. "राव, घरात काय अडचण असंल तर बोला ना. म्हातारं माणूस असं ग्रुपवर नका टाकू."

मी मजकूर घाईने पुसला. बायकोने त्याआधी वाचला होताच. तिने लगेच तिच्या वडिलांना फोन लावून तब्येत विचारली, तीही माझ्यासमोर, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात.

तर लिफ्ट न सोसणारे ते सासरे नव्हेत, आमचा कुत्रा. जातीने गावठी, रंगाने भाजलेल्या शेंगदाण्यासारखा. मुलगा शाळेत असताना त्याने दप्तरातून आणला होता. त्याचं नाव मोठं वाद घालून ठेवलं, पण पुढे ज्याने त्याने आपल्याला आवडेल तेच म्हटलं आणि तो बिचारा सगळ्या नावांना 'ओ' देत राहिला. मुलगा नोकरीला परराज्यात गेला, कुत्रा आमच्याकडे राहिला. तोवर आम्ही चिंचवडला भाड्याच्या बैठ्या घरात होतो. दार उघडलं की गल्ली. त्याला फिरवून आणावं लागत नसे, तो स्वतःच फिरून यायचा आणि आम्हाला दारात बघून बरं वाटल्यासारखं करायचा.

मग ताथवड्याचा फ्लॅट झाला. अकरावा मजला, खिडकीतून तीन इंजिनिअरिंग कॉलेजं दिसतात. राहायला आलो त्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं आणि आमचा कुत्रा चारी पाय चार दिशांना टाकून फरशीवर असा पसरला, की तो उचलायचा की पुसायचा तेच कळेना. आम्ही सगळे उपाय केले. बिस्किटं घेऊन मी लिफ्टमध्ये उभा राहिलो, दार मिटलं, मी बिस्किटांसह वर गेलो, खाली आलो. तो बाहेर शेपूट हलवत बसला होता. त्याला वाटलं असावं, हा माझा नवीन खेळ आहे आणि मला त्यात मजा येते.

काही दिवस मी त्याला कडेवर घेऊन लिफ्टने नेलं. त्यात तो थरथरायचा आणि माझी कंबर गेली. मग बायको त्याला जिन्याने नेऊ लागली, तर तिचे गुडघे बोलायला लागले. कुत्र्याला आमचे हाल समजत असावेत, कारण त्याने खाली जायचं मागणंच सोडलं. दिवसभर धरून ठेवायचा. बाल्कनीत बसून खाली बघायचा. एकदा त्याला जिन्यात राहवलं नाही, तर तो आमच्या तोंडाकडे न बघता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या दिवशी बायको म्हणाली की त्याच्यासाठी घर बघू या. म्हणाली आणि लगेच मोरीत जाऊन बराच वेळ बादल्या घासत बसली.

घर बघायचं काम मी अंगावर घेतलं. येणारा माल तपासून घ्यायचा की परत पाठवायचा, याच कामात चाकणच्या कंपनीत माझं आयुष्य गेलंय. मला वाटलं, घर काय वेगळं असतं.

पहिलं घर मारुंजीला. आयटीतले तिघे तरुण, भाड्याची जागा, पण तळमजला. पोरं भली होती. माझ्या सगळ्या प्रश्नांना त्यांनी 'हो सर' म्हटलं. मग त्यांतल्या एकाने विचारलं की आम्ही तिघेही शनिवार-रविवार आपापल्या गावी जातो, तेव्हा हा काय करतो? मी म्हटलं, त्याला शनिवार-रविवार माहीत नाहीत. ते तिघे एकमेकांकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. चहा मात्र चांगला होता.

दुसरं चाकणला, एका कांद्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामावर. जागा ऐसपैस, बाजूला मोकळं रान. मी कुत्र्याचे गुण सांगायला लागलो. त्यांनी मला थांबवून एकच विचारलं, चावतो का? मी अभिमानाने सांगितलं, आजवर कोणाला दात लावला नाही. सडका कांदा हातात यावा तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग उपयोग काय त्याचा?" घरी येताना बसभर विचार केला, तरी उत्तर सुचलं नाही.

माझ्या मागच्या सीटवर मोशीचे एक दादा बसतात. आमच्याच कंपनीत स्टोअरला आहेत, तिथल्या जुन्या गावकऱ्यांपैकी. सासऱ्यांच्या फोटोवरून ज्यांनी मला काहीच ऐकवलं नव्हतं, असे ते एकटेच. एक दिवस उतरता उतरता म्हणाले, "आमच्याकडं बगा की. आमचा म्हातारा कुत्रा गेला, तवापासून अंगन मोकळंच हाय."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं कुत्र्याला घेऊन टेम्पोने गेलो. हायवेच्या मागे, गावठाणात बैठं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, लिंबाचं झाड, एक शेळी. मी माझे प्रश्न काढले. कुंपण कुठवर आहे, रस्ता किती जवळ, जनावरांचा डॉक्टर कुठे बसतो. दादांच्या मंडळींनी, म्हणजे वहिनींनी, शांतपणे ऐकून घेतलं. "रस्ता हाय, गाड्या बी हायत," त्या म्हणाल्या. "आमची पोरं ह्याच रस्त्याला मोठी झाली." मग त्यांनी बायकोला विचारलं, सकाळी काय खातो. बायकोने सांगितलं. त्या दोघी बोलत बसल्या. कुत्र्याने अंगणाची एक फेरी मारली, शेळीला हुंगलं, शेळीने त्याला हुंगलं, आणि तो उंबऱ्याशी आडवा झाला. इतक्या दिवसांत त्याला असा चारी पाय सैल सोडून पडलेला आम्ही पाहिला नव्हता.

निघताना बायकोने त्याचा वाडगा आणि गोधडी वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी तिची ओटी भरली. तिच्या पदरात नारळ, हातात खणाचा तुकडा, डोळ्यांत पाणी. आम्ही देणारे होतो की घेणारे, मुलाकडचे की मुलीकडचे, मला काही उमजेना. मी आपला दोन्हीकडून नमस्कार केला.

एवढं सगळं तपासलं आणि एकच गोष्ट तपासायची राहिली. मोशीचा स्टॉप आमच्याच बसच्या वाटेवर होता.

ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. वर्षानुवर्षं दादा तिथेच चढतात. पण मला ती सोयीची वाटली होती, रोज खुशाली कळेल म्हणून. कुत्र्याच्या बाजूने मी विचारच केला नव्हता. चिंचवडच्या कोपऱ्यावर तो मला रोज बसपर्यंत सोडायला यायचा आणि सुटल्यावर घ्यायला. पहिली शिफ्ट असो, दुसरी असो, रात्रपाळी असो. चाकणच्या रस्त्याला कंपन्यांच्या पांढऱ्या बस शेकड्याने धावतात, पण आमची बस त्याला आवाजावरून कळायची.

सोमवारी सकाळी मोशीला बस थांबली. दादांच्या आधी कुत्रा चढला. लोकांच्या पायांतून सरळ माझ्या सीटपाशी आला, खाली शिरला, माझ्या बुटांवर हनुवटी ठेवली आणि सुस्कारा सोडला. त्याच्या हिशेबाने आम्ही त्याला कुठेतरी विसरून गेलो होतो आणि बस त्याला न्यायला आली होती. ही सगळी त्याची समजूत मी सीटखाली वाकून बघितली. त्याला कंपनीच्या गेटमधून आत नेता येणार नव्हतं आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. दादांनी आणि मी मिळून त्याला उतरवलं. वहिनी पळत आल्या, त्यांनी गळ्याला धरलं. बस हलली. मागच्या काचेतून बघायचं धाडस मला झालं नाही.

मंगळवारपासून मी उजव्या बाजूला बसू लागलो. बसमधल्या प्रत्येकाला कुत्र्यांचं कळतं हे मला तेव्हा समजलं. एक म्हणाला, त्याला तोंडच दाखवू नका, विसरतो. दुसरा म्हणाला, रोज दाखवा, म्हणजे सवय होते. तिसरा म्हणाला, दुसरा परफ्यूम मारा. मी एकेक दिवस एकेकाचं ऐकलं. मोशी आलं की मी खाली वाकून बुटाची नाडी शोधायचो. बूट बिननाडीचे होते. कंपनीचं ओळखपत्र गळ्यातून लोंबतंय आणि केस पांढरे झालेला माणूस एका कुत्र्यापासून लपतोय, हे बघायला पलीकडच्या सीटवरचे लोक मोबाइल बाजूला ठेवायचे.

संध्याकाळी तो पुन्हा स्टॉपवर असायचा. दादा उतरायचे. तो त्यांच्या मागे बघायचा, अजून कोणी उतरतंय का. दार बंद होईपर्यंत बघायचा.

घरी बायको रोज विचारायची, दिसला का? पहिल्या दिवशी मी म्हटलं, मजेत आहे, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, तिला बरं वाटेल. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, नाही गं, ओळख दिली, शेपूट हलवली. त्या दिवशी मीठ दुप्पट होतं. काय सांगितलं म्हणजे जेवण नीट होईल ते मला शोधता येईना. खरं म्हणजे काय झालं म्हणजे मला बरं वाटेल, हेही कळेना. तो विसरावा म्हणून मी लपत होतो आणि तो विसरला नाही ना, हे सीटच्या फटीतून बघत होतो.

आठवडा असा गेला आणि दादांनी बसमध्ये, सगळ्यांसमोर नाही, माझ्या कानाशी येऊन सांगितलं. "राव, सकाळचं थोडंफार खातो. संध्याकाळी बस गेली की तोंड फिरवून बसतो ते बसतो. बरगड्या दिसाय लागल्यात. मी उतरतो तर माझ्याकडं बगत बी न्हाई. माझ्याच्यानं बगवत न्हाई. येत्या रविवारी परत आनून सोडतो."

परत म्हणजे अकरावा मजला. परत म्हणजे ती बाल्कनी, ते धरून ठेवणं, ते भिंतीकडे तोंड करून उभं राहणं. आणि परत आणला तर पुन्हा दुसरं घर कोणत्या तोंडाने बघायचं. मी घरी येऊन बायकोला सगळं खरं सांगितलं, नाड्यांसकट. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वहिनींना फोन लावला.

फोनवर मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो… हो… नाही हो, आम्हाला काय कळणार… हो, चुकलंच." बराच वेळ चाललं. फोन ठेवून तिने सांगितलं की वहिनी रागावल्या. "म्हणाल्या, पोरीसंगं सुदीक पाठराखीण धाडत्यात. तुमी मुक्या जिवासंगं वाडगा आन गोधडी धाडून मोकळं झालात."

मी हसलो. नव्या नवरीसोबत सासरी जाते ती पाठराखीण. चार दिवस तिच्याबरोबर राहते, तिला नवं घर ओळखीचं झालं की परत येते. हे कुत्र्याच्या बाबतीत म्हणणं मला फार मजेशीर वाटलं आणि मी ते पुन्हा एकदा म्हणून बघितलं. तेवढ्यात बायकोने कपाटावरची बॅग खाली काढली होती.

मी म्हटलं, अगं, वहिनी बोलायच्या भरात बोलल्या असतील. ती म्हणाली, असतील. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, ते इथे बसून कसं सांगणार. माझ्या जेवणाचं मी विचारलं नाही. पण विचारणार होतो, हे तिला कळलं असावं, कारण जाताना तिने कुकरच्या शिट्ट्या किती, तेवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोशीचा स्टॉप आला आणि अख्खी बस डाव्या बाजूला झुकली. स्टॉपवर दादा, त्यांच्या शेजारी वहिनी, वहिनींच्या शेजारी वहिनींचीच साडी नेसलेली माझी बायको, आणि तिच्या पायाशी कुत्रा. मी सवयीने वाकलो. पलीकडच्या, डाव्या काचेवर टकटक झाली. बायको बाहेरून हाताने खुणावत होती, सरळ बसा. मी सरळ बसलो. कुत्र्याने मला बघितलं. उठला, बसच्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवले, वर बघितलं, मग मान वळवून बायकोकडे बघितलं. ती एव्हाना स्टॉपच्या कट्ट्यावर बसून वहिनींशी बोलत होती, बस वगैरे काही तिच्या गावीच नव्हतं. तो गोंधळला. त्याचं काय चाललं असेल ते मला पुरेपूर कळलं, कारण माझंही तेच चाललं होतं. घर नेमकं कुठे आहे, बसमध्ये की बाहेर? त्याने पाय खाली घेतले आणि तिच्याजवळ जाऊन बसला.

बस सुटल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "राव, तुमची मंडळी आता मोशीलाच का?"

बायको परत आली तेव्हा तिच्या हाताला शेणाचा वास होता आणि बोलण्यात अधूनमधून 'व्हय' येत होतं. तिने सांगितलं की पहिल्या दिवशी तो तिला सोडायलाच तयार नव्हता. ती अंगणात बसायची आणि वहिनी त्याला घास द्यायच्या. मग ती ओसरीवर सरकली. मग घरात गेली. मग देवळात जाऊन आली, मग वहिनींची पिशवी घेऊन बाजारात जाऊन आली. दर वेळी तो वाट बघायचा आणि दर वेळी ती परत यायची. असं करता करता एका दुपारी ती बाजारातून आली, तर तो शेळीजवळ झोपला होता. डोळा उघडून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. "तेव्हा मी बॅग भरली," ती म्हणाली.

आणि निघताना? मी विचारलं. निघताना तो कोपऱ्यापर्यंत आला म्हणे. वहिनी दारात उभ्या होत्या. तो थोडा वेळ मधोमध थांबला. ती सिटी बसमध्ये बसली, त्यामुळे पुढचं तिला दिसलं नाही.

पुढचं बघायचं माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाव्या बाजूला, खिडकीशी, ताठ बसलो. मोशीला दादा उभे होते, वहिनी होत्या, कुत्रा होता. त्याने मला बघितलं. शेपूट हलली, चांगली जोरात हलली, एक पाऊल पुढेही आला. दादा चढले. वहिनी काही न बोलता घराकडे वळल्या. त्याने एकदा बसकडे बघितलं, एकदा त्यांच्या पाठीकडे, आणि तोही वळला. बस अजून उभीच होती. आम्ही निघायच्या आधी तो निघाला. त्याच्या पाठीला लिंबाचं एक पान चिकटलं होतं, ते तो गल्लीत शिरेपर्यंत मला दिसत होतं.

दादा मागून म्हणाले, "काल संध्याकाळी पुरी भाकर खाल्ली त्यानं." मी म्हटलं, वा. मला आनंद झाला होता, हे नक्की. पण मग चाकण येईपर्यंत मी पुन्हा बुटांची नाडी का शोधत होतो, हे अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी बायकोने विचारलं, दिसला का? या वेळी मी जसं झालं तसं सांगितलं. शेपूट, एक पाऊल, वहिनींची पाठ, अख्खी भाकरी. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. तिने सगळं ऐकलं. लिंबाच्या पानाचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग बराच वेळ ती माझ्या ताटात वाढतच राहिली. मी नको म्हणेपर्यंत तिच्या ध्यानात आलं नाही.

"या रविवारी नको, पुढच्या रविवारी जाऊ आपण," ती म्हणाली. "पाहुण्यासारखं जायचं, पाहुण्यासारखं यायचं. वहिनी जेवायला बसवतीलच. आग्रह करतील, तर घ्या पोटभर. पण त्यांची एक रीत आहे, टोपल्यातली शेवटची भाकरी वाढायला लागल्या तर नको म्हणा. ती त्याची असते."